नाव ठेवायचं, नावं ठेवायची

६ फेब्रुवारी २०२४. दक्षिण आफ्रिकेतल्या बेनोनीच्या मैदानावर एकोणीस वर्षांखालील विश्वचषकाची उपांत्य लढत चालू होती. २४५ धावांचा पाठलाग करताना भारताचे चार गडी ३२ धावांतच तंबूत परतले होते. तिथून बीडच्या एका मुलाने कर्णधार उदय सहारनच्या साथीने १७१ धावांची भागीदारी रचली, स्वतः ९५ चेंडूंत ९६ धावा काढल्या आणि हातून गेलेला सामना ओढून आणला. पाठीवर १० हा आकडा, नाव सचिन धस.

हे नाव कुठून आले ते सांगायला ज्योतिषी नको. वडील क्रिकेटवेडे, मुलगा जन्मला २००५ साली, आणि त्या काळात मराठी घरात ‘सचिन’ म्हटले की एकच माणूस डोळ्यांपुढे यायचा. पण गोष्ट तिथे संपत नाही. मुंबईच्या तेंडुलकरांच्या घरात हे नाव आले ते प्रा. रमेश तेंडुलकरांच्या संगीतप्रेमातून. त्यांनी धाकट्या मुलाचे नाव ठेवले संगीतकार सचिनदेव बर्मन यांच्यावरून. बर्मन त्रिपुराच्या राजघराण्यातले, आणि बंगालीत त्यांचे नाव ‘शचीन’ असे लिहितात. शची म्हणजे इंद्राणी. तिचा स्वामी तो शचीन, म्हणजे साक्षात इंद्र. त्रिपुराहून मुंबईला येताना ‘श’चा ‘स’ झाला, मुंबईहून बीडला येईपर्यंत इंद्रही गळून पडला आणि उरला एक फलंदाज. स्वर्गाच्या राजाचे नाव आपण लेकाला ठेवतो आहोत हे बीडमध्येच काय, शिवाजी पार्कातही फारसे कुणाच्या मनात आले नसेल.

दुर्मीळ नावांचे अर्थ शोधणारे आईबाप आज कोश, पंचांग आणि मोबाइल तिन्ही धुंडाळतात. बीड जिल्ह्यात मात्र नावांचा असा एक साठा आहे की त्यातली कित्येक नावे पुण्या-मुंबईच्या शाळेच्या पटावर सापडायची नाहीत. काही डोंगरावरून आलेली, काही उकिरड्यावरून, काही दर्ग्यातून, तर एक थेट ग्रीसहून. ती कुणी कशासाठी ठेवली हे पाहू लागले की जिल्ह्याचा इतिहास उलगडतोच, शिवाय त्यातली एक दुखरी जागाही सापडते.

गर्भगिरीची मुले

आष्टी आणि पाटोदा तालुक्यांच्या डोंगराळ पट्ट्यात मच्छिंद्र, जालिंदर, कानिफ, गोरख, गहिनीनाथ ही नावे गल्लोगल्ली ऐकू येतात. इतर ठिकाणी यातले एखादे कानावर पडते, इथे मात्र अख्खी मालिका भेटते. कारण समोरच उभे आहे. बीड आणि अहिल्यानगर जिल्ह्यांच्या सीमेवर गर्भगिरीची रांग आहे, आणि नाथ संप्रदायाच्या परंपरेने आपल्या सिद्धांच्या समाध्या याच रांगेच्या आसपास सांगितल्या आहेत. आष्टी तालुक्यातल्या सावरगावजवळ मच्छिंद्रनाथांचे मायंबा, सीमेपलीकडे पाथर्डी तालुक्यात कानिफनाथांची मढी, पाटोदा तालुक्यात चिंचोलीचा गहिनीनाथगड, येवलवाडीला जालिंदरनाथ. नवस बोलला मायंबाला, मुलगा झाला, नाव मच्छिंद्र. शोधाशोध करायची गरजच नाही.

या प्रत्येक नावात एक चमत्कारिक जन्मकथा दडलेली आहे. मच्छिंद्र म्हणजे मत्स्येंद्र, माशांचा राजा. शंकर पार्वतीला गुह्यज्ञान सांगत असताना जो माशाच्या पोटातून ते ऐकत होता, तो हा. संस्कृत ‘मत्स्य’चे प्राकृतात ‘मच्छ’ झाले आणि मराठीने तेच रूप उचलले. जालिंदर यज्ञकुंडाच्या राखेतून हाती आला. कानिफाचा जन्म हत्तीच्या कानातून झाला असे पोथी सांगते, तर अभ्यासक त्याचा धागा कान्हपा किंवा कृष्णपाद या सिद्धाशी जोडतात, म्हणजे मूळ शब्द कानाचा नसून कान्ह्याचा. रेवणनाथ रेवेच्या वाळूत सापडला. गहिनीनाथ चिखलाच्या पुतळ्यातून उभा राहिला, आणि निवृत्तिनाथांना दीक्षा देऊन त्याने ज्ञानेश्वरांपर्यंतचा रस्ता मोकळा केला.

आणि गोरख. मच्छिंद्रनाथांनी एका निपुत्रिक बाईला मंतरलेले भस्म दिले. तिचा विश्वास बसला नाही, तिने ते उकिरड्यात टाकून दिले. बारा वर्षांनी नाथ परत आले, त्यांनी हाक मारली आणि त्या उकिरड्यातून बारा वर्षांचा गोरक्ष बाहेर आला. धुंडीसुत मालू कवीने शके १७४१ मध्ये, म्हणजे १८१९ साली, ‘नवनाथ भक्तिसार’ची चाळीस अध्यायांची पोथी पुरी केली आणि या कथा घराघरांत पोचल्या. श्रावणात पोथी लागली की ऐकणाऱ्या बायांच्या मांडीवर एखादा गोरख, एखादा कानिफ झोपलेला असायचा. गोरखाचा उकिरडा इथे ध्यानात ठेवायला हवा, त्याच्याकडे परत यायचे आहे.

डोंगर उतरून परळी-अंबाजोगाईकडे गेले की नावे बदलतात. परळीचा वैजनाथ बारा ज्योतिर्लिंगांत गणला जातो, म्हणून घरोघरी वैजनाथ, वैजिनाथ. मूळ शब्द वैद्यनाथ, वैद्यांचा स्वामी. अंबाजोगाईला योगेश्वरी. लोककथा सांगते की कोकणातून निघालेली ही देवी परळीच्या वैजनाथाशी लग्न करायला आली होती, पण मुहूर्त टळला, वऱ्हाड जिथल्या तिथे थांबले आणि ती कुमारिकाच राहिली. कोकणातल्या चित्पावनांची कुलदेवता बालाघाटावर कशी, याचे उत्तर लोकांनी असे दिले आहे. मोडलेल्या लग्नातली दोन्ही नावे आजूबाजूच्या गावांत आजही एकाच शाळेत, कधी एकाच वर्गात बसतात.

मांजरसुंब्याजवळच्या कपिलधारला मन्मथस्वामींची समाधी आहे, म्हणून लिंगायत घरांत मन्मथ. हा शब्द मोठा गमतीचा. मन्मथ म्हणजे मन घुसळून काढणारा, कामदेव, ज्याला शंकराने तिसरा डोळा उघडून जाळला. त्याच शंकराच्या भक्तांनी आपल्या सत्पुरुषाचे हे नाव पिढ्यान्पिढ्या लेकरांना ठेवावे आणि त्यात कुणाला काहीच वावगे वाटू नये! भक्ताला नावाच्या अर्थापेक्षा नावाचा माणूस जवळचा असतो, हेच खरे.

वरवंट्याचे बारसे

मराठी बारशात एक विधी असा आहे की त्याकडे पाहून परका माणूस चक्रावून जाईल. पाळणा सजवलेला असतो, घुगऱ्या शिजलेल्या असतात, आत्या नटून बसलेली असते. बाळाला पाळण्यात घालण्याआधी बायका एक वरवंटा घेतात, त्याला टोपडे घालतात आणि पाळण्याच्या खालून-वरून एकमेकींच्या हाती देतात. देवांची नावे घेत दगडाला जोजवले जाते. मग बाळाची पाळी. आत्या त्याच्या कानाशी वाकून कुर्र करते, नाव सांगते आणि पाठीत बायकांचे धपाटे खाते.

दगड आधी आणि बाळ नंतर, याचा अर्थ लोक साधा सांगतात: बाळ वरवंट्यासारखे धट्टेकट्टे व्हावे. ही प्रार्थना काही घरांत विधीपुरती राहिली नाही, ती थेट नावातच उतरली. दगडू, दगडाबाई, धोंडू, धोंडीबा, धोंडाबाई. पाठोपाठची दोन-तीन लेकरे गेलेल्या आईने चौथ्याला दगड म्हणायचे, कारण दगड मरत नाही. अधिक महिन्याला धोंड्याचा महिना म्हणतात, त्या महिन्यात जन्मलेलाही धोंडूच.

दुसरी तऱ्हा फसवणुकीची. लेकरू इतके टाकाऊ आहे की ते कुणी नेऊ नये, असे मृत्यूला भासवायचे. मूल जन्मले की त्याला क्षणभर केरावर ठेवायचे, शेजारणीने ते ‘सापडले’ म्हणून उचलून आणायचे, म्हणजे ते आपले उरत नाही. तो केरू, कचरू, कचराबाई, उकंडा. पहिले अंगडे पाच घरांतून मागून आणलेल्या कापडाचे, तो भिकाजी, भिकू. सुपात घालून ठेवला तो सुपडू. मूठभर कोंडा देऊन विकत घेतल्यासारखे केले तो कोंडाजी, असेही लोक सांगतात. नाक टोचून मुलाला मुलीसारखी नथ घातली, तो नथू. गोरखनाथाची कथा ज्या उकिरड्यात घडली त्याच उकिरड्यावर गावोगावच्या आया आपली लेकरे ठेवून उचलत होत्या. पोथीने विधीवरून कथा घेतली की विधीने कथेवरून बळ घेतले, हे वेगळे काढणे कठीण.

ही युक्ती एकट्या मराठवाड्याची नव्हे. मंगोलियात नेरगुई हे नाव आढळते, अर्थ ‘नाव नाही’. हुनबिश म्हणजे ‘माणूस नव्हे’. नायजेरियातल्या योरुबा लोकांत पुन्हापुन्हा मरून पुन्हा जन्म घेणाऱ्या मुलाला मालोमो म्हणतात, म्हणजे ‘आता परत जाऊ नकोस’. जिथे पाळणे रिकामे व्हायचे तिथे तिथे आयांना हाच उपाय सुचला. भारतात १९७१ साली सुद्धा जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी १२९ मुले वर्षाच्या आत जात होती. २०२० मध्ये हा आकडा २८ वर आला. दगडू आणि कचरू ही नावे शाळेच्या पटावरून उतरत गेली ती याच काळात. त्यांना फॅशनने हटवले असे म्हणणे अर्धवट ठरेल. लसी, सलाइन आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांनीही त्यांची गरज संपवली.

या नावांच्या माणसांनी नाव काढले नाही असेही नाही. धोंडो केशव कर्वे १०४ वर्षे जगले, भारतरत्न झाले. कोंडाजी फर्जंदाने १६७३ साली साठ माणसांनिशी पन्हाळा घेतला. हैदराबाद मुक्तिसंग्रामात जालना जिल्ह्यातल्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके पुरुषी वेश करून, शस्त्र घेऊन रझाकारांविरुद्ध उभ्या राहिल्या. मराठवाडा त्यांना आपली झाशीची राणी म्हणतो.

मरण चुकवण्याचा उलटा मार्गही आहे, तो म्हणजे मागणे सरळ नावातच लिहून टाकायचे. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या मुलाने २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्यपदक घेतले आणि या शर्यतीतली केनियाची मक्तेदारी मोडली. नाव अविनाश साबळे. दगडू आणि अविनाश, दोघांच्या नावाचा अर्थ एकच. एक बोलीत आहे, दुसरा संस्कृतात.

सटवीची लेखणी, पिराचा नवस

बारशाच्याही आधी सटवीची रात्र येते. जन्मानंतर सहाव्या दिवशी सटवाई बाळाच्या कपाळी त्याचे नशीब लिहून जाते, म्हणून उशाशी कोरा कागद आणि लेखणी ठेवायची. षष्ठीची सटी, सटीची सटवी. तिच्याच नावाने सटवा, सटवाजी, सटवाबाई. शहरात ‘सटवी’ ही शिवी आहे, मराठवाड्यात सटवाजी हे आजोबांचे नाव.

नवस मंदिराच्या उंबऱ्यापाशी थांबत नसत. बीड जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, दफ्तर उर्दूत होते, अंबाजोगाईचे नाव मोमिनाबाद होते. पण पिराचे नवस निजामाहूनही जुने. अहमदनगरच्या शाह शरीफ पिराच्या कृपेने मुलगे झाले म्हणून मालोजी भोसल्यांनी त्यांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, ही कथा मराठी इतिहासात प्रसिद्ध आहे. त्याच वाटेने गावोगाव पिराजी जन्मले. मोहरमच्या दिवसांत नवसाच्या मुलाला फकीर करायचे, हिरवे कपडे घालून दारोदार फिरवायचे, तो फकिरा. अण्णा भाऊ साठ्यांच्या कादंबरीमुळे हे नाव साहित्यात अजरामर झाले. पण त्याआधी ते आईच्या भीतीचे आणि शेजारच्या दर्ग्याचे नाव होते. बीड शहरातल्या शहेनशाहवली दर्ग्यावर नवस फेडायला येणाऱ्यांना आजही कुणी धर्म विचारत नाही.

बंजारा तांड्यावर वार नावात उतरतो. शनिवारला तिथे थावर म्हणतात आणि शनिवारी जन्मलेला होतो थावरा किंवा थावरू. मराठी गावात सोमा, मंगल, बुधा यांची जी रीत, तीच इथे वेगळ्या बोलीत.

दगडूचा मुलगा मिलिंद

हीन नावे सगळीकडे भीतीपोटीच ठेवली गेली, असे म्हणून सुटता येणार नाही. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नामकरणाचा नियम आहे: ब्राह्मणाचे नाव मंगल असावे, क्षत्रियाचे बलवान, वैश्याचे धनसूचक आणि शूद्राचे किळसवाणे. ब्राह्मणाच्या घरातला धोंडो मोठा झाला की धोंडोपंत व्हायचा, अण्णा व्हायचा. महारवाड्यातला धोंड्या म्हातारा झाला तरी धोंड्याच राहायचा. लेखक दया पवार यांचे मूळ नाव दगडू मारुती पवार. १९७८ साली आलेल्या ‘बलुतं’मध्ये त्यांनी आपली कहाणी याच दगडूच्या तोंडून सांगितली, कारण दगडू हे पांढरपेशा जगात आल्यावर मागे सोडलेले, पण न सुटलेले नाव होते.

संतांच्या काळात चोखामेळ्याच्या आईबापांनी मात्र हा नियम पाळला नव्हता. चोखा म्हणजे शुद्ध, अस्सल, निवडक. ज्याच्या सावलीचा विटाळ मानला गेला, त्याचे नावच निर्मळपणाचे. त्याची बहीणही निर्मळाच.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली बौद्ध धर्मांतर झाले आणि मराठवाड्याच्या गावकुसाबाहेर एका पिढीत नावांचा सारा संच बदलला. सिद्धार्थ, राहुल, आनंद, नागसेन, प्रज्ञा, सुजाता, संघमित्रा, विशाखा, यशोधरा. ही नावे पंचांगातून आली नव्हती, त्यांच्या मागे पाली ग्रंथ होते. यात सर्वांत लांबचा प्रवास केला मिलिंदने. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात वायव्येला मिनँडर नावाचा ग्रीक राजा होता. पालीने त्याचे मिलिंद केले आणि भिक्खू नागसेनाशी झालेला त्याचा संवाद ‘मिलिंदपञ्हो’ या ग्रंथात जपला. प्रश्न विचारणारा राजा आणि उत्तर देणारा भिक्खू ही जोडी बाबासाहेब आंबेडकरांना इतकी भावली की औरंगाबादच्या महाविद्यालयाला त्यांनी मिलिंद हे नाव दिले आणि परिसर झाला नागसेनवन. बीड, परभणी, नांदेडची कितीतरी पहिल्या पिढीची पोरे तिथे शिकली. संस्कृतात मिलिंद म्हणजे भुंगा असाही अर्थ आहे, पण ज्यांनी ते मुलाला ठेवले त्यांना फुलावरचा भुंगा नको होता. त्यांना प्रश्न विचारणारा हवा होता.

नको असलेली

आता ती दुखरी जागा.

२२ ऑक्टोबर २०११ रोजी साताऱ्यात एक बारसे झाले. पाळणा नव्हता, घुगऱ्या नव्हत्या. जिल्ह्यातल्या २८५ मुली नवे कपडे घालून आल्या होत्या. त्यांची नावे नकुशी, नकोशी, नकुसा. मुलगा हवा असताना आणखी एक मुलगी झाली की हे नाव ठेवायचे, म्हणजे पुढच्या खेपेला मुलगा होतो, अशी समजूत. जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाने अशा मुली शोधल्या आणि त्यांना नवी नावे निवडायला सांगितले. कुणी ऐश्वर्या झाली, कुणी सावित्री, कुणी वैशाली. निवडलेल्या नावांत एक अश्मिता होते, ‘खडकासारखी कणखर’ या अर्थाने घेतलेले. अश्म म्हणजे दगडच की! आजीच्या पिढीत जो दगड आईने लेकीला ती जगावी म्हणून दिला होता, तो इथे लेकीने स्वतःच्या हाताने उचलला.

वरवर पाहता कचरू आणि नकुशी एकाच जातीची नावे वाटतात. दोन्हींत मूल नको म्हटले आहे. पण कचरूच्या आईने ते मृत्यूला ऐकू जावे म्हणून म्हटले होते, मनातून ते खोटे होते. नकुशीच्या घराने ते देवाला आणि लेकीलाही ऐकू जावे म्हणून म्हटले, आणि ते खरे होते. चीनमध्ये मुलीला झाओदी म्हणतात, ‘भावाला बोलावून आण’. हरियाणात भतेरी म्हणतात, ‘आता पुष्कळ झाल्या’. अशा नावाची मुलगी शाळेत हजेरीला ‘उपस्थित’ म्हणताना रोज काय ऐकत असेल?

बीडने याहून पुढची मजल मारली. २००१ च्या जनगणनेत जिल्ह्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. २०११ मध्ये उरल्या ८०७. राज्यात सर्वांत कमी. २०१२ साली परळीत गर्भलिंगनिदान आणि गर्भपातांचे प्रकरण उघडकीला आले तेव्हा देशभरच्या कॅमेऱ्यांनी हा जिल्हा पाहिला. २०१५ च्या जानेवारीत ‘बेटी बचाओ, बेटी पढाओ’ योजना सुरू झाली तेव्हा पहिल्या शंभर जिल्ह्यांच्या यादीत बीड होते. साताऱ्याची नकुशी निदान जन्माला आली, तिला वाईट का होईना एक नाव मिळाले, ते पुढे बदलता आले. बीडमध्ये या दहा वर्षांत ज्या गेल्या त्यांचे नाव ठेवायची वेळच आली नाही. त्यांची सटवी झाली नाही, बारसे झाले नाही, त्या आहेत फक्त ८९४ आणि ८०७ यांच्या वजाबाकीत.

अंशांचे दिवस

आजच्या बारशाची तयारी पंचांगापासून सुरू होते आणि मोबाइलवर संपते. अवकहडा चक्रात सत्तावीस नक्षत्रांच्या प्रत्येकी चार चरणांना एकेक अक्षर दिलेले असते, एकूण १०८. अश्विनीला चू चे चो ला, इथपर्यंत ठीक. पण आर्द्राच्या तिसऱ्या चरणाला येते ङ. हस्ताला ण. उत्तरा भाद्रपदेच्या शेवटच्या चरणाला ञ. ङ-ने सुरू होणारे नाव मराठीत नाही, जगात कुठे असेल तर ते पंचांगाच्या कामाचे नाही. मग गुरुजी जवळचे अक्षर सुचवतात, किंवा पाळण्यातले नाव वेगळे ठेवून व्यवहारातले नाव घरचे लोक आपल्या मनाने ठरवतात.

मनाने ठरवायचे म्हणजे ‘वेगळे’ हवे. इथून अंशांचे राज्य सुरू होते: शिवांश, रेयांश आणि त्यांची भावंडे. शिव आणि अंश मिळून शिवांश, व्याकरण बिनचूक. रेयांशचा अर्थ मात्र ‘सूर्याचा अंश’ असा छापलेला असतो, आणि रवि-अंशाची संधी केली तर शब्द होतो रव्यंश. आरव या नावापुढे याद्यांत ‘शांत’ असे लिहिलेले सापडते, तर संस्कृत कोशात आरव म्हणजे आवाज, ओरडा, गलका. अर्थात रात्री दोनला उठून बसलेल्या आईबापांना कोशाचा अर्थ जास्त पटेल. अनय हे राधेच्या नवऱ्याचे नाव म्हणून परंपरेला ठाऊक आहे, पण कोशात त्याचा अर्थ अनीती, दुर्वर्तन. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा ही म्हण जुनी. आता वाळा सोन्याचाच असतो, कथील लागते ते अर्थाला.

खरे दुर्मीळ हवे असेल तर साठा घरातच आहे. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ लिहिले, त्यात चक्रधरस्वामींभोवती वावरणाऱ्या बायकांची नावे आहेत: बाइसा, महदाइसा, आबाइसा, उमाइसा, आउसा, देमाइसा. यातल्या महदाइसेला, म्हणजे महदंबेला, मराठीची आद्य कवयित्री मानतात. अंबाजोगाईला ‘विवेकसिंधू’कार मुकुंदराजांची समाधी आहे, पासोडीवर लिहिणारे दासोपंत तिथलेच. नद्यांकडे पाहिले तर गेवराई-माजलगावच्या काठाने गोदावरी वाहते, जिला तिथले लोक गंगाच म्हणतात, आणि गंगाराम, गंगाबाई, गोदाबाई तिच्याच. पण बिंदुसरा बीड शहराच्या मधोमध वाहते, सिंदफणा शिरूर-गेवराईतून जाते, मांजरा पाटोद्याच्या डोंगरात उगम पावते. त्यांना अजून पाळणा मिळायचा आहे.

नवलाईची ओढ फक्त शिकल्या-सवरलेल्यांची नाही. कर्नाटकातल्या हक्की-पिक्की या पूर्वी पक्षी पकडणाऱ्या जमातीत हायकोर्ट, कॉफी, गूगल अशी नावे ठेवलेली आढळतात. जे नवे भेटले, मोठे वाटले, ते लेकराला दिले. मायंबाला गेलेला मच्छिंद्रचा बाप आणि हायकोर्टाचा बाप फार लांबचे नव्हेत.

कागदावरचे नाव

दसरा झाला की बीडच्या ऊसतोड कामगारांची कुटुंबे पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’. उचल कोयत्याला मिळते, हिशेब कोयत्याचा होतो. दोन माणसांची दोन नावे एका अवजारात बुडून जातात. फडावर, कोपीत मूल जन्मले तर त्याची नोंद जन्म झाला त्या गावात व्हायला हवी. १९६९ च्या कायद्याने जन्माची खबर २१ दिवसांत द्यायची असते. त्या वेळी नाव ठरले नसेल तर रकाना कोरा राहतो, वर्षाच्या आत ते विनाशुल्क भरता येते, पुढे विलंबशुल्क देऊन पंधरा वर्षांपर्यंत. पण हंगाम संपून पट्टा पडतो, टोळी गावी परतते आणि कोरा रकाना दोनशे किलोमीटरवर राहून जातो.

पूर्वी असे रकाने गुरुजी भरायचे. मूल शाळेत आणले की जन्मतारीख एक जून. मराठवाड्यात निम्मा गाव एकाच दिवशी म्हातारा होतो, ही थट्टा त्यातूनच आली. नावाचेही तेच. घरचा बाळ्या, पिंट्या, गोट्या पटावर काय व्हायचा ते खडूवाल्या हातावर अवलंबून असायचे. कित्येक कचरूंचे कचरनाथ आणि दगडूंचे दगडोबा असेच झाले. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने त्या दिवसापासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून पुढे जन्मदाखलाच पुरावा मानला आहे. म्हणजे खडूचा अधिकार संपला, रकान्याचा वाढला.

बायकांच्या नावाचे तर आणखी एक बारसे व्हायचे. लग्नात ताटभर तांदळात अंगठीने नवे नाव लिहिले जायचे आणि माहेरचे पुसले जायचे. नवऱ्याचे नाव घ्यायला उखाणा लागायचा. आईचे नाव मुलाच्या कागदांवर सहसा येत नसे. आले तरी वेगळ्या रकान्यात, कोपऱ्यात. मार्च २०२४ मध्ये राज्य सरकारने ठरवले की १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलाच्या सरकारी कागदपत्रांवर आधी मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव असा क्रम राहील.

साताऱ्यात २०११ च्या त्या दिवशी फुलांचा गुच्छ आणि नव्या नावाचे प्रमाणपत्र घेऊन घरी गेलेल्या मुलींपैकी ज्या तेव्हा दहा-पंधरा वर्षांच्या होत्या, त्या आज पंचविशी-तिशीच्या आसपास आहेत. काहींच्या मांडीवर लेकरे असतील. ग्रामपंचायतीत जन्माचा अर्ज भरताना बाळाच्या नावाशेजारचा दुसरा रकाना आता त्यांचा आहे. शाळेच्या दाखल्यावर आणि आधार कार्डावर ज्यांचे नाव तेव्हाच बदलून घेतले गेले, त्यांच्या लेकरांच्या नावापुढे ऐश्वर्या लागेल, वैशाली लागेल, अश्मिता लागेल. ज्यांचे कागद तसेच राहिले, त्यांना आधी राजपत्रात नाव बदलून आणावे लागेल, नाहीतर कारकून जुन्या दाखल्याकडे बघून विचारेल, आईचं नाव नकुशीच लिहायचं ना?